भागूताईंची ओळ

"तो कुठल्या ओळीत बसणार आहे?" भागूताईंनी मला तिसऱ्यांदा विचारलं.

"पहिल्या," मी म्हटलं. "दाराजवळच्या. मुलांच्या मधोमध बसणार आहेत बाबा. तुम्ही खिरीची बादली घेऊन आत यायचं आणि पहिला डाव त्यांच्या ताटात."

"मग मला तिसरी ओळ दे. पहिलीत सुमनला वाढू दे."

मी हसले. त्यांच्या खोलीतल्या लोखंडी कॉटवर बसून मी त्यांच्यासाठी आणलेल्या नव्या लुगड्याची घडी मोडत होते. शहात्तर वर्षांची बाई, सगळं आयुष्य चुलीपुढे गेलेलं, आज चारचौघांत मान मिळणार म्हणून लाजते आहे, अशी माझी समजूत झाली. मी त्यांना सांगितलं, आज ओळ बदलता येणार नाही. या जेवणासाठी बाबांनी एवढी एकच गोष्ट मागून घेतली आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, लुगडं हातात घेतलं, काठ बोटांनी चाचपला आणि म्हणाल्या, "भारी आणलंस गं. याला पीठ लागलं तर धुवायचं कुणी?"

ही दोन हजार नऊ सालची गोष्ट, फलटणची. वत्सल बालकाश्रम गावाबाहेर आहे, उसाच्या शेतांना लागून. माझे वडील दिनकर रुईकर तिथे वाढले, जन्मल्यापासून अठराव्या वर्षापर्यंत. मग कोल्हापूरला एका फाउंड्रीत साचे भरायला लागले आणि चाळिशीत स्वतःची फाउंड्री काढली. पंपांची ओतीव कामं. त्यांच्या पंपांनी किती विहिरी उपसल्या असतील ते सांगता येणार नाही, पण गावोगावी लोक त्यांना ओळखत. त्या वर्षी त्यांनी आश्रमाला नवं स्वयंपाकघर आणि भोजनघर बांधून दिलं होतं. पाटी नको, फीत नको, भाषण नको, असं व्यवस्थापक शेंडगे सरांना त्यांनी निक्षून सांगितलं होतं. मुलांबरोबर जमिनीवर बसून जेवायचं आणि पहिला डाव भागूताईंनी वाढायचा, बास. भागूताईंनी पन्नासहून जास्त वर्षं त्या आश्रमाचा स्वयंपाक केला होता. हात चालेनासे झाल्यावर आश्रमानं त्यांना मागच्या बाजूची एक खोली दिली होती; स्वयंपाक आता सुमनताई बघत.

आमचं आडनाव खरं म्हणजे आमचं नाही. आश्रम काढणारे भाऊसाहेब रुईकर; त्यांनी आपलं आडनाव प्रत्येक मुलाला दिलं. "महाराष्ट्रात आपले दोनशे भाऊबंद आहेत," बाबा सांगायचे, "आणि जमिनीवरून एकाशीही भांडण नाही." जन्मतारीखही सगळ्यांची एकच, एक जून. आश्रमाबद्दल बाबा असंच बोलत, थट्टेत. आई हयात होती तेव्हा ती म्हणायची की हा माणूस रडायचं तिथे विनोद करतो, म्हणून याच्या विनोदाला फार हसू नये.

त्यांच्या थट्टेतली एक गोष्ट भागूताईंची होती. घरात कोणी ताटावर रुसलं की ती निघे.

आश्रमात जेवायला चार ओळी बसत आणि वाढायला चार बाया असत. कोणी कुठली ओळ धरायची ते भाऊसाहेब ठरवत. बाकीच्या तिघी फिरत्या असत, या आठवड्यात इथे, पुढच्या आठवड्यात तिथे. भागूताई मात्र बाबांच्या ओळीत कधीच येत नसत. बाबा मोठे झाले, पहिल्या ओळीतून दुसऱ्या ओळीत गेले, तर त्या पहिलीत आल्या. आणि मुलांना तर भागूताईच हव्या असत. त्या वाढताना बोलत. भाताचा ढीग वाढला की म्हणत, हळू फोड रे, आत ससा झोपलाय. आमटी नको म्हणणाऱ्याला सांगत, मग विहिरीवर जाऊन पाणी पी, त्यालाही तिखट घालून ठेवलंय. त्यांची ओळ हसत जेवायची आणि बाबा शेजारच्या ओळीतून ऐकायचे.

नऊ वर्षांचे असताना एका दुपारी त्यांनी मित्राशी जागा बदलली आणि भागूताईंच्या ओळीत जाऊन बसले. त्या पिठल्याची बादली घेऊन आल्या. एकेका ताटात डाव टाकत, बोलत. बाबांपुढे आल्या आणि गप्प झाल्या. डाव ताटावर आला, थांबला आणि पुढच्या मुलाच्या ताटात गेला. बाबांनी ताट उचलून धरलं. "ताई, मी राहिलो," म्हणाले. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. त्या दिवशी बाबांनी कोरडी भाकरी खाल्ली.

घरी ही गोष्ट सांगताना बाबा भागूताईंची चाल करून दाखवत, पळी उचलून आमच्या ताटांवरून नेत, आणि आम्ही हसून लोळत असू. पण त्या सकाळी फलटणच्या वाटेवर गाडीत त्यांनी ती पुन्हा सांगितली तेव्हा चाल केली नाही. त्या दिवशी त्यांनी एक जास्तीची गोष्टही सांगितली. त्या प्रसंगाच्या आठवडाभर आधी कोठीतून गुळाची ढेप गेली होती आणि काही मुलांनी त्यांचं नाव घेतलं होतं. त्यांनी ती घेतली नव्हती. पण भागूताईंनी आपल्याला चोर ठरवलं, आणि त्याच्याही आधीपासून कशासाठी तरी आपण त्यांना आवडत नव्हतो, असं पन्नास वर्षं त्यांच्या मनात होतं.

"एकदा तिच्या हातचं ताटात पडू दे," ते म्हणाले. "मग मी त्या घरातला झालो."

"बाबा, तुम्ही अठ्ठावन्न वर्षांचे आहात."

"पंगतीत बसलो की नऊच," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले.

मी भागूताईंना लुगडं नेसायला मदत केली आणि हाताला धरून भोजनघरात नेलं. नव्या फरशीचा आणि चुन्याचा वास अजून गेला नव्हता. चाळीसएक मुलं चार ओळींत मांडी घालून बसली होती, पुढे स्टीलची ताटं. पहिल्या ओळीत, एका बोबड्या मुलाच्या आणि दात पडलेल्या दुसऱ्या मुलाच्या मध्ये बाबा. धुवट पांढरा सदरा, मांडी नीट घातलेली, हात गुडघ्यांवर. कारखान्यात दोनशे माणसं ज्याच्या आवाजाला उठत-बसत, तो माणूस तिथे पाहुण्याघरी आलेल्या मुलासारखा बसला होता.

शेंडगे सरांनी भाषण करायचं नाही असं कबूल केलं होतं, तरी चार वाक्यं बोललेच. ज्या माउलीनं हजारो ताटांत घास घातला तिच्या हातानं नव्या वास्तूतला पहिला घास, असं काहीतरी. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी गव्हाच्या खिरीची बादली एका बाजूनं धरली होती, दुसऱ्या बाजूनं भागूताईंनी. त्यांच्या दुसऱ्या हातात डाव. आम्ही बाबांसमोर आलो. बाबांनी ताट दोन्ही हातांनी उचललं आणि वर पाहिलं.

भागूताईंनी डाव बादलीत बुडवला, भरला आणि वर काढला. तो ताटाच्या वर आला. खीर डावाच्या कडेवरून परत बादलीत गळत होती आणि त्या तशाच उभ्या होत्या. मला वाटलं, हात दुखत असेल. मी डाव धरायला गेले तर त्यांनी तो माझ्यापासून दूर नेला.

"याला दुसऱ्या कुणीतरी वाढा," त्या म्हणाल्या.

आणि पुढे सरकल्या. बोबड्या मुलाच्या ताटात डाव रिकामा केला, मग त्याच्या पुढच्याच्या. बादलीला धरलेली मी त्यांच्याबरोबर ओढली गेले. तिसऱ्या मुलाला त्या म्हणाल्या, "गरम आहे रे, फुंकर मार," अगदी रोजच्यासारखं.

शेंडगे सरांनी धावत जाऊन दुसऱ्या पातेल्यातली खीर बाबांना वाढली, ताईंचं वय झालंय, लक्षात राहत नाही, असं काहीबाही म्हणाले. बाबा हसले. "अहो, आम्ही जुनं गिऱ्हाईक आहोत त्यांचं," म्हणाले. शेजारच्या मुलाला त्यांनी शाळेचं विचारलं. ताटातलं सगळं जेवले, खीरसुद्धा. आश्रमाच्या रीतीप्रमाणे आपलं ताट उचलून मागच्या नळावर नेलं.

मीही तिकडे गेले, कारण भागूताई नळाजवळच्या दगडावर बसल्या होत्या, रिकामी होत आलेली बादली पायाशी घेऊन. बाबांनी ताट घासलं, विसळलं, पालथं घातलं. मग हात पुसत त्यांच्यापुढे उभे राहिले.

"भागूताई, गुळाची ढेप मी घेतली नव्हती."

"ठाऊक आहे मला. मंगळ्यानं घेतली होती. मीच मागनं त्याच्या गादीखालून काढली."

हे बाबांना अपेक्षित नव्हतं. "मग माझं काय चुकलं होतं?"

"तुझं काही चुकलं नव्हतं."

"नऊ वर्षांचं पोर ताट उचलून बसलं होतं तुमच्यापुढे. आणि आज पुन्हा."

भागूताई बादलीच्या कडीकडे पाहत होत्या.

"मला कोणी नव्हतं म्हणून खपलं ते," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "माझी आई असती ना, तर तिनं जाब विचारला असता तुम्हाला."

"विचारला असता," भागूताई म्हणाल्या. "सोडलं नसतं तिनं मला."

बाबांनी सदऱ्याच्या बाह्या खाली केल्या. मग मला म्हणाले की विश्वस्त थांबलेत, अर्ध्या तासात निघू, आणि निघून गेले.

मी भागूताईंना खोलीत आणलं. खरं सांगायचं तर हाताला धरून आणलं नाही, त्या चालत होत्या आणि मी बादली घेऊन मागून चालत होते. खोलीत आल्या आल्या त्यांनी नवं लुगडं सोडलं, जुनं गुंडाळलं, आणि नव्याची घडी घालू लागल्या. माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, "हे ने परत."

मला राग आवरला नाही. मी म्हटलं, "एक डाव खीर होती, भागूताई."

"बोली होती," त्या म्हणाल्या.

"कसली बोली?"

"मला ठेवून घेतलं ते त्या बोलीवर. भाऊसाहेबांनी. त्याला मी वाढायचं नाही."

त्यांनी पुढचं सांगितलं ते एखाद्या पदार्थाची कृती सांगावी तसं, मधे मधे घडी सारखी करत. माण तालुक्यातलं गाव. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी नवरा गेला. पुढे जे झालं ते झालं, कुणाकडून झालं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. सातव्या महिन्यात थोरल्या भावानं बैलगाडीतून फलटणला आणलं, आश्रमाच्या दाराशी उतरवलं आणि बैलांना पाणीही न दाखवता गाडी वळवली. तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. बाळ झालं. तीन महिन्यांनी भाऊसाहेबांनी बोलावून सांगितलं की मूल इथे सुखात राहील, तू पुण्याला जा, शिवणकाम शीक, कोणाला काही कळणार नाही. त्या म्हणाल्या, मी इथेच राहते, भांडी घासते. भाऊसाहेबांनी दोन दिवस विचार केला आणि हो म्हटलं, पण बोली घातली. मूल उचलायचं नाही. न्हाऊ घालायचं नाही. आजारात उशाशी बसायचं नाही. ताटात वाढायचं नाही. आणि कोणाला, त्याला तर नाहीच, कधी सांगायचं नाही.

तोपर्यंत मला कळलं होतं मी कोणाच्या खोलीत बसले आहे. मी त्यांच्या हातांकडे पाहत होते. बाबांच्या अंगठ्याचं पेर बाहेरच्या बाजूला वाकलेलं होतं. यांचंही तसंच होतं.

"असली कसली बोली," मी म्हटलं.

"भाऊसाहेबांना नावं ठेवू नको," त्या म्हणाल्या. "ऐंशी पोरं होती तेव्हा. कुणालाच कोणी नाही. त्यांच्या देखत एकट्यालाच आई असली, तर उरलेल्यांनी कुठं बघायचं? त्यांचं खरं होतं. मला पटलं होतं."

"पण वाढायला काय हरकत होती? सगळ्यांना वाढत होतात तसं त्यांनाही."

"दुसऱ्याच्या पोराला वाढताना हात हलत नाही, पोरी. आपल्या पोराला वाढताना हलतो. पोरांना कळतं ते. भाऊसाहेबांनाही ठाऊक होतं. त्याच्याही ताटात टाकायचं आणि बाजूच्याच्याही, आणि दोन्ही डाव सारखे असायला हवेत. मला नसतं जमलं. आज तरी जमलं का?"

त्या सांगत राहिल्या, थोड्या हुशारीतच आल्या. भाकऱ्या सगळ्या त्याच थापायच्या, दोन्ही वेळच्या. वाढायच्या दुसऱ्या बाया. म्हणजे खाल्लं त्यानं माझ्याच हातचं. बोलीत वाढायचं नाही एवढंच होतं, थापायचं नाही असं नव्हतं. धुण्याचं कामही त्यांनी मागून घेतलं. त्याला विषमज्वर झाला तेव्हा तेरा दिवस उशाशी दुसरी बाई होती, पण चादरी यांनी धुतल्या. "घाम कमी झाला ते डॉक्टरच्या आधी मला कळलं," त्या म्हणाल्या. "चादर हलकी आली."

मी म्हटलं, भाऊसाहेबांना जाऊन तीस वर्षं झाली. बोली संपली. मी आत्ता जाऊन बाबांना घेऊन येते, ते अजून इथेच आहेत, पन्नास पावलांवर.

मी उठलेही. भागूताईंनी माझं मनगट धरलं. त्या वयाच्या बाईची ती पकड नव्हती.

"बस. जेवली नाहीस तू."

"मला नको."

"बस म्हणते ना."

त्यांनी फळीवरची वाटी काढली, पदरानं पुसली, बादलीत तळाला उरलेली खीर डावानं गोळा केली आणि वाटीत घातली. एक डाव, मग दुसरा, मग बादली वाकडी करून तिसरा. वाटी भरून बाहेर सांडली. त्यांचा हात हलत होता. "तुझ्याबद्दल बोलीत काही नव्हतं," त्या म्हणाल्या.

मी खाल्लं. बाबा ज्याची पन्नास वर्षं वाट पाहत होते, ते मी खाल्लं. खीर गार झाली होती आणि गूळ तळाशी बसल्यामुळे फार गोड लागत होती. भागूताई माझ्याकडे बघत होत्या, घास गिळताना गळा कसा हलतो तेसुद्धा बघत होत्या.

वाटी संपल्यावर त्या म्हणाल्या, "आता शब्द दे. त्याला सांगायचं नाही."

"का पण?"

"ऐकलंस ना आत्ता, काय म्हणाला तो? आई असती तर तिनं जाब विचारला असता. त्याच्याजवळ एक आई आहे. त्यानं मनानं केलेली. ती त्याच्यासाठी भांडते. ती असती तर त्याला कोरडी भाकरी खाऊ दिली नसती. आणि मी कोण? ताट उचलून धरलेल्या पोराला सोडून पुढं गेले ती. मागं वळून बघितलं नाही. तू त्याला ही आई नेऊन देणार आणि ती काढून घेणार. त्यात त्याचं काय भलं आहे, सांग मला."

मी शब्द दिला. लुगडं मात्र परत घेतलं नाही.

परतीच्या वाटेवर साताऱ्याच्या पुढे बाबांनी विचारलं, "काय म्हणाली?"

"काही नाही. दमल्या होत्या."

"तू जेवलीस का?"

"हो."

"कोणी वाढलं?"

"सुमनताईंनी," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. थोड्या वेळानं म्हणाले की भागूताईंच्या गुडघ्यांना चांगला डॉक्टर दाखवायला शेंडग्यांना सांगायला हवं, आणि हिवाळ्याआधी खोलीला नीट खिडकी बसवायला हवी. "एखादा माणूस आवडत नाही तर नाही आवडत," ते म्हणाले. "त्याला कोण काय करणार?"

त्यानंतरही त्यांनी आश्रमाचं पुष्कळ केलं. नव्या गाद्या, दोन मुलींचं नर्सिंगचं शिक्षण, विहिरीवर आमचाच पंप. पण तिथे जेवायला ते पुन्हा बसले नाहीत. डबा घेऊन जात आणि गाडीत खात.

भागूताई दोन वर्षांनी गेल्या. शेंडगे सरांचा फोन आला तेव्हा बाबा वर्तमानपत्र वाचत होते. लागेल ते सगळं आपल्याकडून करा, त्यांनी सांगितलं, आणि मी येत नाही म्हणाले. मी गेले. अग्नी कोण देणार असं तिथे कोणीतरी विचारलं, आणि सगळे एकमेकांकडे बघू लागले, कारण त्यांना कोणीच नव्हतं. मी पुढे झाले.

ते बाबांच्या कानावर आलंच. संध्याकाळी मी घरी पोचले तर ते व्हरांड्यात बसले होते.

"अग्नी तू दिलास म्हणे."

"हो."

"तू कोण तिची?"

"कोणी नाही, बाबा."

"मग?"

"कोणीतरी द्यायला हवा होता."

मी तेव्हा सांगितलं असतं तर शब्द मोडला असता, पण ज्यांना दिला त्या राखेत होत्या. सांगितलं असतं तर बाबांना आई मिळाली असती आणि त्याच क्षणी कळलं असतं की ती दोन वर्षं तिथे बसून होती, आणि आपण गाडीत डबा खात होतो. मी चपला काढल्या आणि आंघोळीला गेले. मागून ते म्हणाले, "बरं केलंस."

पुढे बारा वर्षं मी त्यांच्याबरोबर रोज जेवले. रोज त्यांना वाढलं. प्रत्येक वेळी काही हे मनात आलं असं म्हणणार नाही, पण महिन्यातून एकदा तरी येई. एकदा तोंड उघडलंही होतं. नातू ताटावर रुसला होता आणि बाबांनी पळी उचलून भागूताईंची चाल सुरू केली होती. मी म्हटलं, "बाबा, ती गोष्ट नका सांगू." त्यांनी विचारलं का, आणि मी म्हटलं, खूपदा झाली आता. त्यांनी पळी खाली ठेवली. पुन्हा ती गोष्ट त्यांनी कधीच सांगितली नाही. तेवढ्या एका गोष्टीतून भागूताई आमच्या घरात चालत येत होत्या, तीही वाट मी बंद केली.

गेल्या वर्षी श्रावणात बाबा गेले. दवाखान्यात शेवटचे नऊ दिवस मी त्यांच्या उशाशी होते. शेवटी माणूस आईला हाक मारतो म्हणतात. मी ऐकत होते. फार लक्ष देऊन ऐकत होते, कारण त्यांनी हाक मारली असती तर मी सांगणार होते, शब्द गेला उडत, असं मी ठरवलं होतं. त्यांनी हाक मारली नाही. पाणी मागितलं, खिडकी लावायला सांगितली, आणि फाउंड्रीतल्या एका कारागिराच्या मुलीच्या लग्नाची तारीख विचारली.

आठवड्यानंतर मी मृत्यूच्या नोंदीचा अर्ज घेऊन महापालिकेच्या खिडकीशी उभी होते. मृताचं नाव, वय, पत्ता. त्याखाली वडिलांचं नाव आणि आईचं नाव. माझ्या मागे सातआठ माणसं होती. मी कठड्यावर कागद ठेवून वडिलांची जागा सोडली आणि पुढच्या रकान्यात लिहिलं, भागीरथी. हे मी तोवर कोणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही.

कारकून तरुण होता, आवाज मऊ होता. त्यानं अर्ज वाचला आणि वर पाहिलं.

"वडिलांचं नाव राहिलंय, मॅडम."

"ते माहीत नाही."

"आणि आईचं हे एवढंच?"

"एवढंच."

त्यानं ते मशीनवर टाइप केलं. मग मला धीर वाटावा म्हणून असेल, किंवा स्वतःचं काही आठवून असेल, तो म्हणाला, "म्हणजे त्यांना आईनं एकटीनंच सांभाळलं का?"

"हो," मी म्हटलं. "एकटीनंच."